बलवर्धक व्यायाम, वार्धक्यातील

स्नायूंना त्यांच्या नेहमीच्या कामापेक्षा अधिक भाराविरुद्ध आकुंचन पावावयास लावून त्यांचे बल, आकारमान व कार्यक्षमता वाढविणाऱ्या पद्धतशीर व्यायामास बलवर्धक किंवा प्रतिरोधी व्यायाम म्हणतात. हा भार वजनांचा, रबरी पट्ट्यांच्या ताणाचा, यंत्राचा किंवा स्वतःच्या शरीराचाही असू शकतो. चालणे, पोहणे, सायकल चालविणे इ. दीर्घकाळ चालणाऱ्या आणि मुख्यत्वे हृदय व फुप्फुसे यांची क्षमता वाढविणाऱ्या व्यायामांहून तो भिन्न आहे. चालताना पायांच्या स्नायूंची हलकी आकुंचने हजारो वेळा होतात. बलवर्धक व्यायामात मोजकीच पण जोराची आकुंचने होतात. तरुणांमध्ये या व्यायामाचा हेतू बहुधा शरीरसौष्ठव किंवा क्रीडानैपुण्य हा असतो. वृद्धांच्या बाबतीत मात्र खुर्चीतून उठणे, जिना चढणे, स्नान, शौच यांसारखे रोजचे व्यवहार दुसऱ्याच्या मदतीवाचून करता यावेत, हा त्याचा प्रमुख हेतू असतो. वार्धक्यातील दुबळेपणाचा काही भाग वयामुळे आणि काही भाग स्नायूंच्या अनुपयोगामुळे आलेला असतो. अनुपयोगाने गेलेले बल नव्वदीतही बऱ्याच अंशी परत मिळविता येते, हे विसाव्या शतकाच्या अखेरच्या काळातील प्रयोगांनी दाखवून दिले आहे.

बलऱ्हास व त्याची कारणे : मनुष्याचे स्नायुबल साधारणपणे विशी-तिशीत सर्वाधिक असते. त्यानंतर ते प्रथम सावकाश व साठीनंतर अधिक वेगाने कमी होते. स्वीडनमधील यान लेक्सेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ ते ८३ वर्षे वयाच्या, मृत्यूपूर्वी निरोगी असलेल्या ४३ पुरुषांच्या मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूचे संपूर्ण छेद तपासून १९८८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांवरून स्नायूची झीज सु. २५ व्या वर्षीच सुरू होते आणि ऐंशीपर्यंत त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ सु. ४०% घटते, असे दिसून आले. ही घट मुख्यतः तंतूंची संख्या कमी झाल्यामुळे आणि काही अंशी शिल्लक तंतू बारीक झाल्यामुळे होते.

स्नायुतंतूंचे स्थूलमानाने दोन प्रकार आहेत. सावकाश आकुंचन पावणारे तंतू उभे राहणे, चालणे यांसारख्या दीर्घकालीन कामांत उपयोगी पडतात. शीघ्र आकुंचन पावणारे तंतू झटकन उठणे, तोल जाताच पाय पुढे टाकून सावरणे अशा अचानक जोर लावण्याच्या कामी येतात. वयोमानाने बारीक होतात ते प्रामुख्याने शीघ्र तंतू. मेरुरज्जूतील प्रेरक तंत्रिका कोशिकाही (स्नायूंना आकुंचनाचा आदेश पोहोचविणाऱ्या मज्जापेशीही) वार्धक्यात कमी होतात. त्यांच्या ताब्यातील काही तंतूंना शेजारच्या कोशिकांकडून नवे फाटे मिळतात. ज्यांना ते मिळत नाहीत, ते तंतू नष्ट होतात. त्यामुळे बलाचा ऱ्हास स्नायूंच्या वस्तुमानाच्या ऱ्हासापेक्षा जलद होतो. सत्तर ते एकोणऐंशी वर्षे वयाच्या व्यक्तींची अमेरिकेत तीन वर्षे पाहणी केली असता, बल कमी होण्याचा वेग वस्तुमान कमी होण्याच्या वेगाच्या सु. तिप्पट आढळला (२००६). दंड व मांड्या दिसावयास पूर्वीसारख्याच असल्या, तरी त्यांतील जोर गेलेला असू शकतो. स्नायूंमध्ये साठणारी चरबीही हा फरक झाकून टाकते.

या क्षयास अर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन वैद्यांनी १९८९ मध्ये ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचविले. मांस व उणीव या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून ते बनविले असून मराठीत त्यास ‘स्नायुक्षीणता’ म्हणता येईल. रोगांच्या अमेरिकन वर्गीकरणात त्याला २०१६ मध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला. तोपर्यंत ही अवस्था म्हातारपणाचे स्वाभाविक लक्षण म्हणून बहुधा दुर्लक्षित राहत असे.

वयाच्या जोडीला आहारातील प्रथिनांची कमतरता, हॉर्मोनांचे घटते प्रमाण, दीर्घकालीन आजार आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हालचालींचा अभाव ही कारणेही असतात. विश्रांतीचा परिणाम किती जलद होतो, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगावरून स्पष्ट होते. सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी व्यक्तींना दहा दिवस अंथरुणावर पडून राहावयास सांगितले असता त्यांच्या पायांतील चरबीविरहित ऊतक (समान कोशिकांचा समूह) सरासरी सु. ०.९५ किग्रॅ.ने घटले आणि गुडघा सरळ करण्याचे बल सु. १५ टक्क्यांनी कमी झाले. तापामुळे किंवा शस्त्रक्रियेमुळे पंधरवडाभर अंथरुणावर राहिलेली वृद्ध व्यक्ती मूळचा आजार बरा होऊनही पूर्ववत हिंडूफिरू शकत नाही, त्याचे एक प्रमुख कारण हे आहे.

बल व जीवनमान : जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार जीवनमान म्हणजे आपली संस्कृती व मूल्ये यांच्या संदर्भात, तसेच आपली उद्दिष्टे व अपेक्षा लक्षात घेता, जीवनातील स्वतःच्या स्थितीविषयी व्यक्तीला होणारी जाणीव. केवळ रोगाचा अभाव किंवा आयुष्याची लांबी यांवरून ते मोजता येत नाही. वृद्धांच्या बाबतीत त्यात स्वावलंबनाला मोठे स्थान असते. स्नान, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठणे, जेवणे व मलमूत्रावर ताबा असणे या सहा मूलभूत क्रिया कोणाच्या मदतीवाचून करता येतात किंवा नाही, यावरून परावलंबन मोजण्याची पद्धत सिडनी कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडली. ती आजही वापरली जाते.

यांपैकी उठण्याबसण्याशी निगडित असलेल्या प्रत्येक क्रियेसाठी काही किमान बल लागते. तरुण माणसाजवळ त्याच्या कितीतरी पट बल असल्याने ही मर्यादा त्याच्या लक्षातही येत नाही. वृद्धांजवळची शिल्लक मात्र थोडी असते. साध्या खुर्चीतून उठताना तरुण व्यक्ती मांडीच्या स्नायूंच्या कमाल बलापैकी सु. ४२%, तर सरासरी ७४ वर्षे वयाची व्यक्ती सु. ८०% बल वापरते, असे २००३ मधील एका मापनात आढळले. अशा व्यक्तीच्या बलात आणखी पाचव्या हिश्शाची घट झाली, तर हातांचा आधार घेतल्यावाचून उठणे अशक्य होते. म्हणून परावलंबन पुष्कळदा हळूहळू न येता एकाएकी आल्यासारखे वाटते. बलाची घट वर्षानुवर्षे चाललेली असते. किमान मर्यादा ओलांडली जाते, तो दिवस मात्र ठळकपणे लक्षात राहतो. याच कारणाने बलात झालेली थोडीशी वाढही मोठा फरक घडवून आणू शकते. आणखी दहा किलोग्रॅम वजन उचलता येणे तरुणाच्या दृष्टीने किरकोळ असेल. मर्यादेच्या किंचित खाली असलेल्या वृद्धाला तेवढी वाढ पुन्हा स्वतःच्या पायांवर उभी करू शकते.

भारतीय जीवनपद्धतीत ही मर्यादा अधिक उंचीवर असते. पाटावर मांडी घालून जेवणे, जमिनीवर अंथरूण घालून झोपणे, उकिडवे बसून भांडी घासणे वा शौचास बसणे, देवापुढे नमस्कार करून उठणे या क्रियांत गुडघे पूर्णपणे वाकलेल्या अवस्थेतून सर्व शरीराचे वजन उचलावे लागते. या सवयी असलेल्या व्यक्तींच्या पायांना रोज आपोआप व्यायाम घडतो. परंतु गुडघेदुखीमुळे त्या एकदा सुटल्या की तो व्यायामही थांबतो आणि बलऱ्हास वाढतो.

बलमापनाच्या काही सोप्या रीती आहेत. हातात दाबावयाच्या बलमापकाने पकडीचे बल मोजतात. आशियाई लोकांसाठी २०१९ मध्ये ठरविलेल्या निकषांनुसार ते पुरुषांत २८ किग्रॅ.पेक्षा व स्त्रियांत १८ किग्रॅ.पेक्षा कमी असणे, हे स्नायुक्षीणतेचे एक लक्षण मानतात. हाताची घडी घालून खुर्चीतून लागोपाठ पाच वेळा उठून बसण्यास १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागणे, तसेच नेहमीच्या चालण्याचा वेग सेकंदास १ मी.पेक्षा कमी असणे, हीही शारीरिक कार्यक्षमता घटल्याची लक्षणे होत. भारतासह १७ देशांतील सु. १ लाख ४० हजार प्रौढ व्यक्तींच्या पाहणीत पकडीचे बल दर ५ किग्रॅ.ने कमी असल्यास मृत्यूचा धोका सु. १६ टक्क्यांनी अधिक असल्याचे आढळले (२०१५). पकडीचे बल हा येथे सर्वसाधारण प्रकृतीचा निर्देशक आहे. केवळ मूठ आवळण्याच्या व्यायामाने आयुष्य वाढते, असा याचा अर्थ नाही.

इतिहास : भार क्रमाक्रमाने वाढवीत नेल्यास बल वाढते, ही कल्पना प्राचीन आहे. इ. स. पू. सहाव्या शतकातील क्रोटोन येथील ग्रीक मल्ल मायलो हा एक वासरू रोज उचलीत असे आणि वासराच्या वाढीबरोबर त्याचे बलही वाढले, अशी आख्यायिका आहे. भारतात जोर, बैठका, मुद्‌गल व जोडी फिरविणे हे तालमीतील व्यायाम याच तत्त्वावर आधारलेले आहेत. परंतु वृद्धांना असे व्यायाम सांगण्याची प्रथा नव्हती. सुश्रुतसंहितेत व्यायाम आपल्या बलाच्या निम्म्या मर्यादेपर्यंत करावा, असा नियम आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ज्यांनी व्यायाम वर्ज्य करावा त्यांत बालक व अजीर्णाचे रोगी यांच्याबरोबर वृद्धांचाही समावेश केलेला आहे. याउलट रोमन वक्ता सिसरो याने वार्धक्यावरील आपल्या ग्रंथात (इ. स. पू. ४४) वृद्धांनी माफक व्यायाम करावा, असे मत मांडले आहे. एकंदरीत वृद्धांना जपावे, त्यांना कष्ट पडू देऊ नयेत, ही समजूत पौर्वात्य व पाश्चात्त्य अशा दोन्ही समाजांत दीर्घकाळ टिकून राहिली.

आधुनिक वैद्यकात या व्यायामाला शास्त्रीय बैठक दिली ती टॉमस डेलॉर्म या अमेरिकन सैनिकी वैद्यांनी. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांची संख्या फार मोठी असल्याने त्यांना लवकर बरे करण्याची निकड होती. शिकागो येथील लष्करी रुग्णालयात डेलॉर्म यांनी, हलक्या व्यायामाऐवजी, जेमतेम दहा वेळा उचलता येईल इतक्या जड भाराचा उपयोग केला व १९४५ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. पुढे आर्थर वॉटकिन्स यांच्या सहकार्याने तिला सुटसुटीत रूप देण्यात आले. ‘क्रमवर्धित प्रतिरोध’ हे तिचे तत्त्व आजच्या सर्व पद्धतींच्या मुळाशी आहे.

वृद्धांच्या बाबतीत मात्र १९८० नंतरही साशंकता होती. वृद्धांचे बल व्यायामाने थोडे वाढले, तरी ते केवळ तंत्रिका तंत्राच्या सरावामुळे असावे, त्यांचे स्नायू वाढू शकत नाहीत, असा समज होता. बॉस्टन येथे वॉल्टर फ्राँटेरा व सहकारी यांनी १९८८ मध्ये ६० ते ७२ वर्षे वयाच्या १२ पुरुषांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कमाल क्षमतेच्या ८०% भार वापरून बारा आठवडे व्यायाम केल्यावर त्यांचे गुडघा सरळ करण्याचे बल सरासरी १०७ टक्क्यांनी वाढले. शिवाय दोन्ही प्रकारचे स्नायुतंतू सु. एकचतुर्थांश ते एकतृतीयांश जाड झाल्याचे आढळले.

याहून लक्षवेधक प्रयोग मारिया फायातारोने व सहकारी यांनी बॉस्टनमधील एका वृद्धसेवागृहात केला (१९९०). त्यात ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा दुर्बल व्यक्तींनी भाग घेतला. आठ आठवडे मांड्यांचा जड भाराचा व्यायाम पूर्ण करणाऱ्या नऊ जणांचे बल सरासरी १७४ टक्क्यांनी, तर मांडीच्या स्नायूचे क्षेत्रफळ ९ टक्क्यांनी वाढले. एका पायापुढे दुसरा पाय लावून चालण्याच्या कसोटीत त्यांचा वेग ४८ टक्क्यांनी सुधारला आणि दोघांना काठीची गरज उरली नाही. व्यायाम थांबविल्यावर चार आठवड्यांत मात्र बल ३२ टक्क्यांनी घटले. हा प्रयोग लहान होता व त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. ती उणीव त्याच गटाने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, सरासरी ८७ वर्षे वयाच्या १०० व्यक्तींवरील प्रयोगाने भरून काढली. दहा आठवड्यांत व्यायाम करणाऱ्यांचे बल ११३ टक्क्यांनी व चालण्याचा वेग सु. १२ टक्क्यांनी वाढला. व्यायाम न करणाऱ्यांचे बल जवळजवळ होते तेवढेच राहिले. व्यायामाशिवाय नुसता पूरक आहार दिलेल्या गटात बल वा कार्यक्षमता यांत सुधारणा झाली नाही.

शरीरक्रियात्मक परिणाम : पहिल्या काही आठवड्यांतील बलवृद्धी बहुतांशी तंत्रिका तंत्रामुळे होते. मेंदू अधिक तंतूंना एकाच वेळी व अधिक वेगाने आदेश देऊ लागतो आणि परस्परविरोधी स्नायूंचा अनावश्यक अडथळा कमी होतो. त्यानंतर स्नायुतंतूंतील प्रथिननिर्मितीचा वेग विघटनापेक्षा अधिक होऊन तंतू जाड होतात. तंतूंच्या कडेला असलेल्या उपग्रह कोशिका विभागून तंतूंना नवी केंद्रके पुरवितात. वृद्धांत ही प्रक्रिया तरुणांपेक्षा मंद असते. पण बंद पडलेली नसते.

स्नायूंचा ताण हाडांवरही पडतो व त्यामुळे अस्थिनिर्मितीस चालना मिळते. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये हे विशेष महत्त्वाचे आहे. पन्नास ते सत्तर वर्षे वयाच्या स्त्रियांनी एक वर्षभर आठवड्यातून दोनदा बलवर्धक व्यायाम केला असता त्यांच्या मांडीच्या हाडाच्या मानेची व कमरेच्या मणक्यांची घनता टिकून राहिली वा किंचित वाढली. व्यायाम न करणाऱ्या स्त्रियांत ती घटली (१९९४). ऑस्ट्रेलियात अस्थिघनता कमी असलेल्या १०१ स्त्रियांनी भाग घेतलेल्या प्रयोगात, तज्ञांच्या देखरेखीखाली आठ महिने जड भाराचा व्यायाम केलेल्या गटातील मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली, तर घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटात ती १.२ टक्क्यांनी कमी झाली (२०१८).

रक्तातील ग्लुकोजचा सर्वाधिक वापर स्नायूंत होत असल्याने मधुमेहावरही या व्यायामाचा इष्ट परिणाम होतो. मधुमेह असलेल्या ६२ वृद्धांच्या एका प्रयोगात सोळा आठवड्यांच्या व्यायामानंतर, मागील दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेचे मान दाखविणारे ग्लायकोसिलेटेड हीमोग्लोबिन सरासरी ८.७ टक्क्यांवरून ७.६ टक्क्यांवर आले (२००२).

जीवनमानावरील परिणाम व मर्यादा : वृद्धांतील क्रमवर्धित प्रतिरोधी व्यायामाच्या १२१ प्रयोगांचा एकत्रित आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत सु. ६,७०० व्यक्तींचा समावेश होता. या आढाव्यानुसार बलवृद्धी मोठी असते, खुर्चीतून उठण्याच्या क्षमतेत ठळक सुधारणा होते, चालण्याचा वेग सेकंदास सु. ८ सेंमी.ने वाढतो आणि एकंदर शारीरिक क्षमतेत अल्प पण निश्चित सुधारणा होते. संधिवातामुळे झिजलेल्या सांध्यांची वेदनाही कमी होते. व्यायामामुळे प्रत्यक्ष उद्‌भवलेल्या गंभीर अपायाची नोंद आढळली नाही. स्नायू व सांधे दुखण्याच्या तक्रारी मात्र अनेक प्रयोगांत होत्या.

बल दुप्पट झाल्याने कार्यक्षमता दुप्पट होत नाही, हे या आकड्यांवरून उघड होते. ज्यांच्याजवळ मुळातच पुरेसे बल आहे, त्यांच्या दैनंदिन जीवनात मोठा फरक जाणवत नाही. जे परावलंबनाच्या उंबरठ्यावर आहेत, त्यांना तो अधिक जाणवतो. पडण्याचे प्रकार कमी होण्यासाठीही केवळ बलवृद्धी पुरेशी नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०८ प्रयोगांच्या आढाव्यात व्यायामाने पडण्याचे प्रमाण सु. २३ टक्क्यांनी कमी होत असल्याचे दिसले. तोल सांभाळण्याच्या व्यायामांना बलवर्धक व्यायामांची जोड दिल्यास ही घट सु. ३४% होते, परंतु मुख्यत्वे बलवर्धक व्यायामच केल्यास तेवढाच लाभ होतो, असे निश्चित म्हणता येत नाही. अमेरिकेत ७० ते ८९ वर्षे वयाच्या १,६३५ व्यक्तींपैकी ज्यांनी सरासरी अडीच वर्षांहून अधिक काळ चालणे, बलवर्धन व तोल सांभाळणे असा संमिश्र व्यायाम केला, त्यांच्यापैकी ३०.१ टक्क्यांना, तर केवळ आरोग्यविषयक व्याख्याने ऐकणाऱ्यांपैकी ३५.५ टक्क्यांना चालण्याची गंभीर असमर्थता आली (२०१४).

मनःस्थितीवरही या व्यायामाचा परिणाम होतो. साठ वर्षांवरील ३२ खिन्नताग्रस्त व्यक्तींवरील दहा आठवड्यांच्या प्रयोगात व्यायाम करणाऱ्यांची खिन्नता तुलनेच्या गटापेक्षा अधिक कमी झाली व जीवनमानाच्या काही अंगांत सुधारणा दिसली (१९९७). तथापि एकाकीपणा, आर्थिक विवंचना किंवा जोडीदाराचा वियोग यांवर व्यायाम हा उपाय नव्हे. जीवनमानाच्या ज्या अंगांचा हिंडण्याफिरण्याशी व स्वावलंबनाशी संबंध आहे, तेवढ्यांपुरताच त्याचा प्रभाव धरणे योग्य ठरते.

पद्धती : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० मधील शिफारशींनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, शिवाय निदान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायुगटांचा बलवर्धक व्यायाम आणि निदान तीन दिवस तोल व बल यांवर भर देणारा संमिश्र व्यायाम करावा. केवळ रोज फिरावयास जाण्याने यांतील पहिली अपेक्षाच पूर्ण होते.

सर्वसाधारणपणे आठ ते दहा प्रकार निवडून प्रत्येकाची दहा ते पंधरा आवर्तने करतात व एकाच स्नायुगटाच्या दोन व्यायामांत सु. ४८ तासांचे अंतर ठेवतात. श्रमाचे मान शून्य ते दहा अशा श्रेणीवर ठरवितात. शून्य म्हणजे स्वस्थ बसणे व दहा म्हणजे शक्तीची पराकाष्ठा. प्रारंभी श्रम पाच-सहाच्या आसपास असावेत व सराव झाल्यावर ते सात-आठपर्यंत न्यावेत. पंधरा आवर्तने सहज होऊ लागली, की भार थोडा वाढवितात. अशी वाढ केली नाही, तर प्रगती थांबते. भार न वाढविता महिनोन्‌महिने केलेल्या हलक्या कवायतीने बल फारसे वाढत नाही, त्याचे कारण हेच आहे.

यासाठी महागडी साधने आवश्यक नसतात. भिंतीला टेकविलेल्या भक्कम खुर्चीतून हातांच्या आधाराने व पुढे आधाराविना उठणे-बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, जिन्याच्या खालच्या पायरीवर चढणे-उतरणे, भिंतीवर हात टेकून जोर काढणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, वाळूची लहान पिशवी घोट्याला बांधून पाय सरळ करणे, रबरी पट्टी छातीकडे ओढणे हे प्रकार घरी करता येतात. पारंपरिक बैठकांचे खुर्चीवरील उठबस हे एक सौम्य रूपच होय. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात विसाव्या शतकाच्या अखेरीस तयार केलेला घरगुती व्यायामक्रम घोट्याची वजने, तोलाचे व्यायाम व चालणे यांवर आधारलेला असून अनेक देशांत तो वापरला जातो.

नवे स्नायुऊतक बनण्यास प्रथिने लागतात. भारतीय प्रौढांसाठी शरीराच्या दर किग्रॅ. वजनामागे रोज ०.८३ ग्रॅ. प्रथिनांची शिफारस आहे (२०२०). वृद्धांसाठी १ ते १.२ ग्रॅ. प्रमाण अनेक तज्ञ सुचवितात. म्हणजे ५५ किग्रॅ. वजनाच्या स्त्रीस रोज सु. ५५ ते ६६ ग्रॅ. प्रथिने हवीत. तीस ग्रॅ. कोरड्या डाळीत सु. ७, पावशेर लिटर दुधात सु. ८ व एका अंड्यात सु. ६ ग्रॅ. प्रथिने असतात. यावरून रात्री केवळ मऊ भात वा चहा-बिस्किटे यांवर भागविणाऱ्या वृद्धांच्या आहारातील उणीव लक्षात येते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण वैद्याच्या सल्ल्यानेच ठरवावे लागते.

दक्षता : नुकताच आलेला हृद्‌रोगाचा झटका, विश्रांतीतही होणारी छातीतील कळ, आटोक्यात नसलेला रक्तदाब, हृदयाच्या महारोहिणी झडपेचे तीव्र आकुंचन, महारोहिणीचा फुगा, मधुमेहामुळे झालेला दृष्टिपटलाचा प्रगत विकार, अंतर्गळ (हर्निया), सांध्यांचा तीव्र दाह आणि नुकतीच झालेली शस्त्रक्रिया या स्थितींत वैद्याच्या अनुमतीवाचून हा व्यायाम करू नये. भार उचलताना श्वास रोखून धरल्यास रक्तदाब एकाएकी वाढतो. म्हणून जोर लावताना श्वास सोडावा व परत येताना घ्यावा. मणक्यांची हाडे विरळ झालेल्यांनी कमरेत पुढे वाकून वजन उचलणे टाळावे. व्यायामानंतर एक-दोन दिवस स्नायू जड वाटणे स्वाभाविक आहे. सांध्यात तीव्र वेदना वा सूज, छातीत दुखणे, चक्कर किंवा धाप ही मात्र व्यायाम तत्काळ थांबविण्याची लक्षणे होत. उलटपक्षी, नियंत्रणात असलेला मधुमेह, रक्तदाब किंवा गुडघ्यांचा संधिवात ही व्यायाम टाळण्याची कारणे नव्हेत. अशा विकारांत तो उपचाराचाच भाग मानला जातो.

भारतातील परिस्थिती : २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सु. १०.४ कोटी (८.६%) होती, महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९% होते. वृद्धांच्या आरोग्यासाठी केंद्र शासनाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून सुरू असून भौतिकी चिकित्सा (फिजिओथेरपी) हे त्याचे एक अंग आहे. महाराष्ट्रात शहरांतून व मोठ्या गावांतून ज्येष्ठ नागरिक संघ असून त्यांत सकाळचे फिरणे, योगासने व प्राणायाम यांचा प्रसार बराच झाला आहे. योगासनांतील काही स्थितींनी पायांचे बल व तोल सुधारतो. पण भार क्रमाने वाढविण्याची सोय त्यांत मर्यादित असते. कष्टाची कामे करणाऱ्या ग्रामीण वृद्धांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्या स्नायूंना श्रम घडतात, मात्र प्रथिने व विश्रांती यांची वाण असते. आजारपणात अंथरूण धरल्यावर पुन्हा बल मिळवून देणारी व्यवस्था त्यांना क्वचितच उपलब्ध होते.

कुटुंबातील वडीलधाऱ्यांच्या हातातील काम काढून घेणे, त्यांना जागेवर पाणी देणे, जिना चढू न देणे ही आपल्याकडे आदराची व मायेची खूण समजली जाते. पडण्याच्या भीतीने वृद्ध स्वतःही हालचाल कमी करतात. त्यामुळे बल घटते, बल घटल्याने पडण्याचा संभव वाढतो व भीती आणखी बळावते. हे चक्र खंडित करावयाचे, तर वृद्धांना झेपेल तेवढे काम व झेपेल त्याहून किंचित अधिक व्यायाम करू देणे इष्ट ठरते. मिळविलेले बल टिकविण्यासाठी व्यायाम चालू ठेवावा लागतो, असे बॉस्टनमधील १९९० च्या प्रयोगात दिसून आले होते. डेन्मार्कमध्ये निवृत्तीच्या वयाच्या व्यक्तींनी वर्षभर केलेल्या जड भाराच्या व्यायामाने टिकलेले पायांचे बल चार वर्षांच्या अखेरीसही आढळून आले (२०२४). यावरून, हा व्यायाम दुर्बलता येण्यापूर्वीच सुरू केल्यास त्याचा लाभ अधिक टिकाऊ होत असावा, असे मानण्यास आधार मिळतो.